पायांची टेकडी

मुलांनो, नुसतं मनात आणा. साकोलीहून जंगलाच्या अंगानं जाणारा एक अरुंद डांबरी रस्ता आहे. मार्च महिना आहे. धान कधीचा घरात गेला, शेतांच्या बांध्या उघड्या पडल्या, आणि सकाळी वेचलेली मोहफुलं टोपल्यांत घेऊन बाया घरी चालल्या आहेत. रस्त्याच्या वळणावर एक लांबट कौलारू दवाखाना आहे, त्याच्या टोकाला छोटं चर्च, चर्चवर साधा लाकडी क्रूस. आता दवाखान्याला वळसा घालून मागच्या बाजूला या. तुमच्यासमोर एक टेकडी आहे. फार मोठी नाही, तुमच्या शाळेच्या छपराएवढी असेल. वर गवत आहे, एका अंगाला घाणेरीची झुडपं आहेत. दिसली? मग जरा वाकून गवतात बघा. मातीतून काहीतरी पांढरं वर आलं आहे. ती टाच आहे. तिच्या पलीकडे एक घोटा. आणखी वर, गुडघ्यापासून खाली अख्खा पाय.

पळू नका. पळालात तर पुढची गोष्ट कळायची नाही. या जिल्ह्यातली कितीतरी मोठी माणसं इथूनच माघारी पळाली, आणि त्यांना ती कधी कळलीच नाही.

आनंदाबाई त्या टेकडीपासून पळाल्या नव्हत्या. एक तर त्यांना पळता येत नव्हतं. लहानपणी लकव्यानं, म्हणजे पोलिओनं, त्यांचा उजवा पाय लुळा केला होता आणि मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर बांधल्याशिवाय त्या उभ्या राहू शकत नव्हत्या. दुसरं म्हणजे त्या टेकडीच्या अगदी तळाशी त्यांच्या स्वतःच्या पायाची प्लास्टरं होती. होय, प्लास्टरं. ते पांढरे पाय म्हणजे मुलांच्या पायांवरून चिरून काढलेली प्लास्टरं होती, आतून पोकळ. पण हे सांगून सांगून आनंदाबाई थकल्या होत्या.

त्या दवाखान्यातल्या शाळेच्या बाई होत्या. हाडांच्या दवाखान्यात शाळा कशाला, असं तुम्ही विचाराल. हाड जुळायला वेळ लागतो, वाकडा पाय सरळ व्हायला त्याहून जास्त. पूर्वी इथं मुलं वर्ष वर्ष राहायची. पाय खाटेला बांधलेला असला तरी डोकं मोकळंच असतं. पाट्या नेहमी कमी पडायच्या, म्हणून आनंदाबाईंनी युक्ती काढली होती. प्लास्टर वाळून खडखडीत झालं की तीच पाटी. बाराखडी नडगीवर, पाढे मांडीवर. प्लास्टर बदललं की पाटी पुन्हा कोरी. नागपूरहून येणारे एक डॉक्टर एकदा एका मुलाच्या पायावरचा सातचा पाढा चुकलेला बघून आधी तो दुरुस्त करून मग पुढच्या खाटेकडे गेले होते.

दवाखाना सुरू झाला तो काळ फार जुना. नागपूरला लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर दोनेक वर्षांनी केरळातून आलेल्या सिस्टरांनी इथं कुडाच्या दोन खोल्या उभ्या केल्या. मोठ्या होत्या सिस्टर अगाथा. तेव्हा भंडारा जिल्हा पार देवरी-सालेकशापर्यंत पसरलेला, आणि त्या सगळ्या मुलखात लकव्याची, वाकड्या पायांची, पाठीच्या क्षयाची पोरं घरोघरी कोपऱ्यात बसलेली. पहिल्या वर्षी थोडी आली. त्यांची काढलेली प्लास्टरं विटांची माती काढून झालेल्या खड्ड्यात टाकली जायची. खड्डा भरला, वर माती ओढली, ढीग वाढत गेला. मग एका पावसाळ्यात वरची माती वाहून गेली आणि पांढरी पावलं उघडी पडली. एका गुराख्यानं ती पाहिली. आठवडी बाजारापर्यंत बातमी पोचायला एक दिवस पुरला. दवाखान्यातली बायामाणसं पोरांचे पाय कापतात, दुसरे लावतात, आणि जुने मागं पुरतात. लोक बैलबंड्या जुंपून आले आणि आपापली पोरं उचलून न्यायला लागले.

सिस्टर अगाथांना तेव्हा धड मराठी येत नव्हती. वाद त्या काय घालणार. त्यांनी वॉर्डातल्या एका अकरा वर्षांच्या मुलीच्या काखेत हात घालून तिला ढिगाजवळ नेलं आणि कुंपणापलीकडच्या लोकांना दिसेल असं वर चढायला लावलं. मुलगी खरचटत, बुडावर सरकत वर गेली आणि एका पायावर उभी राहिली. लोकांनी तिचे दोन पाय नीट पाहून घेतले. एक लुळा, एक धड, पण दोन्ही जागेवर आणि दोन्ही तिचेच. काही बंड्या रिकाम्याच परतल्या.

ती मुलगी म्हणजे आनंदाबाई. तेव्हापासून रीतच पडली. मूल बरं झालं की त्यानं टेकडीवर चढायचं, वरून घरच्यांना दिसायचं, आणि मग घरी जायचं. पुढं कुंपण जाऊन विटांची भिंत आली, ढिगाची टेकडी झाली, लोकांना भीती उरली नाही. रीत मात्र राहिली. ती का पडली हे विचारणारंही कोणी उरलं नाही.

आता सगळंच आवरत चाललं होतं. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि अर्धा मुलूख तिकडच्या दवाखान्यांकडे वळला होता. लकवा गेला, ही चांगलीच गोष्ट झाली. महामार्गावर मोडलेली हाडं गाडीत घालून थेट नागपूरला जात होती. हाडांचा डॉक्टर या आडगावी राहायला तयार नव्हता. सिस्टर अगाथा चर्चमागच्या मातीत झोपून कितीतरी वर्षं झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या सिस्टर लिलींनी वरच्यांना बरीच पत्रं लिहिली, मग लिहायचं सोडलं. ठरलं ते असं की मार्चअखेर हाडांचा वॉर्ड बंद. पुढं तिथं नर्सचं काम शिकवणारी शाळा निघेल. आणि प्लास्टर असं उघड्यावर टाकता येत नाही असा नवा नियम निघाल्यानं टेकडी उपसून जागा सपाट करायची.

आनंदाबाईंनी ते ऐकलं आणि मान हलवली. त्या भांडल्या नाहीत. कॅलिपरचे पट्टे रोज सकाळी बांधायचे आणि रोज संध्याकाळी सोडायचे, एवढ्यानंच त्यांचा दम संपत असे. त्यांना फक्त एक गोष्ट हवी होती. वॉर्डात उरलेलं शेवटचं मूल चालत घरी जावं.

ते मूल म्हणजे खुशबू. मोहाडीकडच्या एका खेड्यातली नऊ वर्षांची मुलगी, जन्मापासून डावं पाऊल आत वळलेलं, तळवा वर. आईबाप नागपुरात इमारतींच्या कामावर, खुशबू आजीजवळ. त्या वाकड्या पावलाच्या पाठीवर टेकून ती चालायची, बांधावरून पळायची, शेळ्यांमागं जायची. शाळा तेवढी लांब होती, म्हणून शिकणं झालं नव्हतं. दिवाळीनंतर गावची मंडईची जत्रा आटोपल्यावर आजीनं तिला इथं आणून सोडलं. टिकाराम नावाचा प्लास्टरवाला दर आठवड्याला पाऊल थोडं सरळ करून नवं प्लास्टर बांधायचा. शेवटी नागपूरहून आलेल्या डॉक्टरांनी तिला झोपेचं औषध देऊन टाचेमागची ताठ शीर सैल केली आणि सगळ्यात शेवटचं प्लास्टर चढवलं. फेब्रुवारीत ते निघालं. पाऊल सरळ झालं होतं.

आणि खुशबूनं ते जमिनीला लावायचं नाकारलं.

पायात नवा बूट होता, काखेत कुबड्या होत्या. ती उजव्या पायावर टुणटुणत न्हाणीपर्यंत जायची, पण डावं पाऊल बगळ्यासारखं वर उचललेलं. बसली की पायावर चादर ओढायची. दुखतं का, तर नाही. डॉक्टरांनी दोनदा फोटो काढला, हाड उत्तम होतं. त्यांनी सिस्टर लिलींना स्पष्ट सांगितलं की चालली नाही तर पाऊल हळूहळू पुन्हा वळेल, आणि मग ते सरळ करायला इथं कोणी नसेल. टिकाराम महिनाअखेर आपल्या गावी जाणार होता. म्हणजे जे व्हायचं ते या थोड्या दिवसांतच व्हायला हवं होतं.

आनंदाबाईंनी गोडीनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. टेकडीवर चढल्याशिवाय घरी जाता येत नाही, असंही सांगितलं. त्यावर खुशबूचा चेहरा असा पांढरा पडला की त्यांनी टेकडीचा विषयच सोडला. पोर घाबरलं आहे एवढं त्यांना कळलं. कशाला, ते कळलं नाही. वय झालं की माणूस ऐकलेल्याच गोष्टी पुन्हा ऐकतो, नवीन ऐकायला कान देत नाही. त्यांचंही तसंच झालं असावं.

एका बुधवारी खुशबूची आजी आली. गोदावरीबाई. मोहाडीहून भंडारा, भंडाऱ्याहून साकोली, आणि तिथून जी मिळेल त्या गाडीनं. पण ती दवाखान्यात शिरली नाही. भिंतीबाहेर मोहाच्या झाडाखाली गाठोडं घेऊन बसली. आनंदाबाई कपबशी सावरत, पाय ओढत तिच्यासाठी चहा घेऊन गेल्या.

"आत चला नं, माय. पोरगी वाट पाहून राहिली."

गोदावरीबाईनं चहा घेतला, बशीत ओतला, फुंकर मारली. आत नको म्हणाली. मागच्या खेपेला खिडकीतून ती टेकडी दिसली होती, पुन्हा बघवणार नाही म्हणाली. मग बराच वेळ ती मोहाचं, शेळीच्या करडांचं, सुनेच्या निरोपाचं बोलत राहिली. आनंदाबाई झाडाच्या मुळीवर टेकल्या होत्या. त्यांना वाटलं, ही बाई आता उठेल आणि पोरीला न्यायचं म्हणेल. पण बशी रिकामी झाल्यावर गोदावरीबाईनं ती पदरानं पुसून त्यांच्या हातात दिली आणि आवाज खाली आणला.

"मास्तरीणबाई, मी भांडाले नाही आली. तुमी पाय बदलला, बेस केलं. चांगला गोरा पाय देला. कोणाचा हाये तेबी मी नाही विचारत. पण जुना कुठी हाये तेवढं सांगा."

आनंदाबाईंना आधी समजेना.

"पोरीचं हाड हाये ते," गोदावरीबाई म्हणाली. "असं उघड्यावर पडलं तं कुत्रं नेईन, कोल्हं नेईन. मले द्या. आमच्या वावराच्या धुऱ्यावर गाडतो, वरून दिवा लावतो. फडकं आणलं मी." आणि तिनं गाठोड्यातून खरंच एक धुतलेलं लुगड्याचं फडकं बाहेर काढलं. घडी घातलेलं, नव्या साबणाचा वास येणारं.

आनंदाबाईंना हसू आलं नाही. इतक्या वर्षांपूर्वी बैलबंड्या आल्या होत्या त्या दिवसाचा चिखलाचा वास त्यांना आला. एवढ्या वर्षांत एवढी मुलं त्या टेकडीवर चढली आणि उतरली, आणि गोष्ट होती तिथंच होती. त्यांनी विचारलं ते एवढंच की हे खुशबूशी बोलल्या का. बोलली तर, गोदावरीबाई म्हणाली. पोरगीच पहिल्यांदा म्हणाली, आजी, हा पाय माहा नाही.

पाय बदलत नाहीत, प्लास्टर असतं ते, असं आनंदाबाईंनी समजावून सांगितलं. गोदावरीबाईनं सगळं शांतपणे ऐकलं, मान डोलावली, आणि फडकं मांडीवर पसरून ठेवलं. शिकलेल्या माणसाचं बोलणं मोडू नये एवढ्यासाठी ती गप्प होती, हे उघड दिसत होतं.

आनंदाबाई परत वॉर्डात आल्या. ओळीनं रिकाम्या खाटा, गाद्या गुंडाळलेल्या. शेवटच्या खाटेवर खुशबू पायावर चादर घेऊन बसली होती. बाई तिच्या शेजारी टेकल्या, कॅलिपरची कडी सोडून गुडघा वाकवला. मग त्यांनी विचारलं, जसं कोणी पावसाचं विचारावं तसं, की हा पाय कोणाचा.

खुशबूनं दाराकडे पाहिलं. आजीनं सांगितलं हे तिला कळलं.

"मले का मालूम. मी झोपली तवा माहा होता. उठली तं हा."

"मधी मधी पलस्तर बदललं, तवा पाहिला नाही का?"

नाही. करवतीचा आवाज सुरू झाला की ती डोळ्यांवर फडकं घ्यायची आणि नवं प्लास्टर बांधून होईपर्यंत काढायची नाही. टिकाराम तिला त्यावरून चिडवायचाही. शेवटचं प्लास्टर निघाल्यावरच तिनं पाहिलं, आणि जे पाहिलं ते तिचं नव्हतं. हा गोरा, बारीक, सरळ. तिचा काळा होता, जाड होता, वाकडा होता आणि पळत होता.

"दुसऱ्या पोरीचा असन तं?" खुशबू हळूच म्हणाली. "मी यावर उभी झाली अन् तिले दुखलं तं?"

एवढ्या वर्षांत मुलांनी आनंदाबाईंना पुष्कळ प्रश्न विचारले होते. पण पाय आपला नाही म्हणून त्यावर भार टाकायचा नाही, ही काळजी कोणी केली नव्हती. रात्री न झोपता ही पोर कोणा दुसरीच्या पायाला जपत होती. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. समजावून सांगण्यात आता अर्थ नव्हता. मघाशी बाहेर समजावून झालंच होतं.

मागच्या बाजूनं घरघर ऐकू आली. टेकडीपाशी जेसीबी आला होता.

सिस्टर लिली ओसरीत उभ्या होत्या. आनंदाबाईंनी त्यांच्याजवळ जेवणाच्या सुटीपुरता वेळ मागितला. सिस्टर लिलींनी कारण विचारलं नाही. त्यांचेही डोळे थकलेले होते. त्या चालकाकडे गेल्या, आणि तो एक बाजू थोडी खरवडून झाल्यावर यंत्र बंद करून डबा घेऊन सावलीत बसला. मग आनंदाबाईंनी टिकारामला गाठलं आणि या पोरीची प्लास्टरं कुठं टाकली आहेत ते विचारलं.

"उगवतीच्या अंगाले, सारी वरच पडली," टिकाराम म्हणाला. "काहून, बाई? आता त्याचं का करता? लोणचं घालता का?"

"घालतो. तू पयले काढून तं दे."

टिकारामनं खुशबूला कुबड्यांसकट चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. टेकडी जवळ आली तशी तिनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. बाईंनी खुर्ची लांबच थांबवायला सांगितली आणि स्वतः काठी टेकत शेजारच्या दगडावर बसल्या. उन्हानं दगड तापला होता. टिकाराम गवतात वाकून एकेक प्लास्टर उचलायचा, झटकायचा, बघायचा आणि बाजूला ठेवायचा. काही जुनी त्याच्या हातातच भुगा होत होती. दिवाळीपासून पाऊस नव्हता, म्हणून खुशबूची धड होती. त्यानं ती आणून तिच्यासमोर मातीवर ओळीनं मांडली आणि मग, बाईंनी मानेनं खुणावलं म्हणून, मुकाट्यानं बाजूला झाला.

मांडीपासून बोटांपर्यंतचे पांढरे पोकळ पाय. पहिला असा वळलेला की विळ्याची आठवण व्हावी. त्याच्यापुढचा थोडा कमी. मग आणखी कमी. शेवटचा सरळ.

खुशबूनं आधी पाहिलंच नाही. मग एका डोळ्यानं पाहिलं. मग तिला अक्षरं दिसली. पहिल्या प्लास्टरच्या नडगीवर निळ्या पेन्सिलीनं एक भलामोठा, कोसळायला आलेला 'ख' होता. पुढच्यावर तसेच चार-पाच, एकमेकांवर पडलेले. त्यानंतर क, म, न यांच्या ओळी. मग दोन अक्षरी शब्द. घर, धान, शेळीला फक्त शे. आणि शेवटच्यावर मांडीपासून घोट्यापर्यंत ठळक, एकाखाली एक, खुशबू, खुशबू, खुशबू.

आनंदाबाईंनी काठीच्या टोकानं पहिलं प्लास्टर दाखवलं.

"हा ख कोणं काढला वं?"

"मीनं."

"असा लंगडा?"

"तवा येत नव्हता मले." खुशबूला जरा राग आला. "तुमीच तं म्हणलं, राहू दे, पुढच्या पलस्तरावर चांगला येईन."

"अन् हा?" काठी शेवटच्या प्लास्टरवर गेली.

"हाबी मीनंच."

"दोन्ही एकाच हातानं?"

"मंग? हात का बदलते का?"

आनंदाबाईंच्या मनात बोलायचं फार होतं, पण शिकवण्याच्या इतक्या वर्षांत त्या एवढं शिकल्या होत्या की मूल पायरीवर उभं असताना त्याला मागून ढकलायचं नसतं. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि भिंतीपलीकडच्या मोहाकडे पाहत राहिल्या. टिकारामनं तोंड उघडलं, तर त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो बिडी पेटवायच्या निमित्तानं चालकाकडे निघून गेला.

खुशबू प्लास्टरांकडे पाहत होती. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, मग उलट. थोड्या वेळानं ती खुर्चीतून खाली सरकली आणि मातीत बसली. तिनं पहिलं, वाकडं प्लास्टर ओढून घेतलं. आत डोकावली. आत काळोख होता, वाळलेला कापूस होता, एक कोळी होता. हाड नव्हतं. तिनं आत हात घातला. खांद्यापर्यंत घातला. पावलाच्या पाठीशी, जिथं ती नऊ वर्षं टेकून चालली होती, तिथं प्लास्टरला आतून एक खळगा पडलेला होता. तिचं बोट तिथं थांबलं.

मग तिनं दुसऱ्या हातानं डाव्या पायाचा बूट सोडला. मोजा काढला. त्या गोऱ्या, सोललेल्या पावलाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. टेकून टेकून तिथं पडलेला घट्टा बराचसा गळून गेला होता. पण आत, कातडीखाली, बोराच्या बीएवढं टणक काहीतरी अजून होतं. एक हात प्लास्टरात, एक पावलावर, अशी ती किती तरी वेळ बसली होती. चेहऱ्यावर हसू नव्हतं. शेळ्या मोजताना एक कमी भरावी आणि मग ती झुडपातून निघावी, तसा तिचा श्वास सुटला.

"माहाच हाये," ती कोणालाही न सांगता म्हणाली.

आनंदाबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना अचानक फार झोप आली होती. आता ही उभी राहील की आणखी आठ दिवस घेईल, ते तिच्यावर होतं. जेवण आटोपून चालक डबा धूत होता. यंत्र आता पुन्हा सुरू होईल, टेकडी संध्याकाळपर्यंत निम्मी होईल, आणि महिनाअखेर त्या स्वतःही लाखनीजवळच्या आपल्या भाच्याच्या घरी जातील. शिकवायला तिथं कोणी असेल नसेल.

खुशबूनं बूट पुन्हा चढवला आणि पट्टा आवळला. मग विचारलं, आजी कुठं आहे. बाईंनी डोळे न उघडताच भिंतीकडे हात केला. भिंत उंच होती. बसल्या जागेवरून मोहाचा फक्त शेंडा दिसत होता.

"तिकडून दिसन का?" खुशबूनं टेकडीकडे पाहून विचारलं.

"मले दिसली होती माही माय," आनंदाबाई म्हणाल्या. "तवा टेकडी लहान होती, अन् भिंत नव्हती."

चालक यंत्राकडे निघाला होता. ओसरीतून सिस्टर लिलींनी हात वर केला, तसा तो थांबला.

खुशबूनं कुबड्यांकडे पाहिलं. मग वाकडं प्लास्टर पोटाशी धरलं. ते मोठं होतं आणि कुबड्यांसाठी हात उरत नव्हते. तिनं कुबड्या गवतातच राहू दिल्या. खरवडलेल्या बाजूला माती मऊ होती. तिकडून ती पाठमोरी, बुडावर सरकत वर जायला लागली. आधी प्लास्टर एक हात वर ठेवायचं, मग आपण सरकायचं, मग पुन्हा प्लास्टर. पांढरा भुगा तिच्या फ्रॉकला लागला, केसांत गेला. मध्ये एकदा घसरली, थांबली, डाव्या पायाची टाच मातीत रोवली आणि पुन्हा निघाली. वरच्या सपाटीवर पोचल्यावर ती एका पायावर उठली आणि भिंतीपलीकडे बघत राहिली. खाली झाडाखाली गोदावरीबाई मांडीवर फडकं पसरून बसली होती. तिनं वर पाहिलं.

तेव्हा खुशबूनं डावं पाऊल खाली टेकवलं. दोन्ही पायांवर नीट उभी राहिली, वाकडं प्लास्टर दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं, आणि आजीला ते रिकामं आहे हे दिसावं म्हणून उलटं करून जोरजोरात झटकलं.